दुपारचा कौल

नाथवस्ती, पो. तिसगाव
१८ जून १९७३

चि. सौ. मालन हिला दादाचा आशीर्वाद.

काल पोलीस पाटील शिपायाला घेऊन रानात आला. मी औत हाणत होतो. त्याने बांधावरूनच हाक मारली, "रंगनाथभाऊ, या, सही करा. भयनीनं आवतन धाडलंय कोर्टाचं!" शेजारच्या रानातले दोघे हसले, मीही हसलो. सही केली, कागद टोपीत ठेवला आणि दिवस कलेपर्यंत औत हाणलं. घरी येऊन वाचला. त्यात फार काही नाही. माझं पूर्ण नाव, कलमाचा आकडा आणि तारीख. चार सप्टेंबर. माझं नाव इतक्या शुद्ध अक्षरात सातवीच्या दाखल्यानंतर प्रथमच पाहिलं.

मी रागावलेलो नाही. आखितीच्या सणाला तू आलीस, सरळ गोठ्यात गेलीस, आणि घोटभर पाणीही न पिता आपल्या कानिफाचा हात धरून फाट्याकडे चालू लागलीस. तिथून पोलीस ठाण्यात गेलीस हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याला दीड महिना झाला. तुझी मुलं आता मोठी झाली, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचं लेकरू सांभाळायची तुला सवय नसेल, म्हणून चार गोष्टी लिहितो.

भाकरी त्याला दुधात कुस्करून लागते, गूळ घालून. दूध कोमट हवं. आंघोळीला आधी पायांवर पाणी घालावं, एकदम डोक्यावर घातलं की ओरडतो. संध्याकाळी दिवा लागला की त्याला कुणीतरी "कानिफा, जेवला का?" असं विचारावं लागतं. जेवलेला असला तरी विचारावं. लहानपणी ताप येऊन गेला तेव्हापासूनची ही सवय आहे. तुला ती ठाऊक आहे, पण तुझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, विसरली असशील.

पायाची जखम भरत आली असेल.

तालुक्याला जाऊन विष्णुपंत वकिलांना भेटलो. माणूस चांगला आहे, आपल्या आबांना ओळखत होता. ते म्हणाले, सगळं तुमच्या बहिणीच्या जबानीवर आहे. मालन, मी तुला खोटं बोल म्हणत नाही. देवाधर्मातला माणूस मी, तसं कसं म्हणेन? तू त्या दिवशी जे पाहिलंस तेवढंच कोर्टात सांग. त्याच्या आधीचं तू डोळ्यांनी पाहिलेलं नाहीस. तुझ्या वहिनीने रडता रडता तुला काय सांगितलं ते तिचं बोलणं, तुझं पाहणं नव्हे. इतकंच.

आमच्या जावयांना, काकासाहेबांना नमस्कार सांग. साखर कारखाना बंद असेल, घरीच असतील.

तुझा
रंगनाथदादा


३ जुलै १९७३

चि. सौ. मालन,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या कोऱ्या कार्डावर एकच ओळ. "दादा, किती दिवस बांधला होतास?" ना वर काही, ना खाली नाव. पोस्टमनने वाचलं असणारच. देताना माझ्याकडे बघत नव्हता.

उत्तर लिहायला बसलो आणि दुसरंच आठवत राहिलं.

तू पाच वर्षांची असशील, कानिफा नऊचा. ताप उतरून वर्ष झालं होतं. अंगाने बरा झाला, पण बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं. मी शाळेत जायचो तेव्हा तो माझ्यामागे यायचा आणि शाळेच्या पायरीवर बसून राहायचा. मास्तरांनी पहिल्यांदा हाकलला, मग सवय झाली. एकदा मास्तर म्हणाले, "रंगनाथ, तुझ्यापेक्षा तुझ्या भावाची हजेरी जास्ती हाय." तुला ओढा ओलांडायची भीती वाटायची, तर तो तुला खांद्यावर घ्यायचा आणि मधोमध पाण्यात थांबायचा. तू ओरडायचीस, त्याचे केस ओढायचीस आणि तो खदखदा हसायचा. मी काठावरून दरडावलं की मगच हलायचा. माझं तो ऐकायचा. तुझं नाही, आबांचं नाही, फक्त माझं.

तुझं लग्न झालं तेव्हाचं आठवतं? बैलगाडी निघाली आणि तो मागे चालायला लागला. सगळ्यांना वाटलं वेशीपर्यंत येईल. तो करंजीच्या घाटापर्यंत आला. पाहुणे कावले. तुझे सासरे म्हणाले, "नवरीसंगं पाठराखीन येती, हितं पाठराखा आलाय!" शेवटी मी त्याला परत न्यायला आलो, तर तो घाटाच्या तोंडाशी एका दगडावर बसलेला. तुझी गाडी वळणाआड गेली तरी हात हलवत होता. घरी आणायला मला दिवस मावळला. त्यानंतर कित्येक वर्षं फाट्यावर एसटी थांबली की तो विचारायचा, "मालन आली?" आम्ही म्हणायचो, उद्या येईल. तो म्हणायचा, "बरं."

आपल्या भजनात तो टाळ धरायचा. कधीच तालावर पडायचा नाही, नेहमी एक ठोका उशिरा. नवीन आलेल्या एका पखवाज्याने तक्रार केली तर कारभारीबुवा त्याला म्हणाले, "कानिफाचा टाळ मागनं येतो, पन येतो. तुजं काय, तू येतोस आन् जातोस." पुढे पुढे आम्हा सगळ्यांना तो मागून येणारा ठोका ऐकायची इतकी सवय झाली की तो आजारी पडला की भजन ओकंबोकं वाटायचं. आता तर नाथबाबांच्या ओट्यावर भजनच होत नाही. लोक म्हणतात पेरण्यांची गडबड आहे. तसंही असेल.

तू दिवस विचारलेस. लिहीन.

रंगनाथदादा


२२ जुलै १९७३

चि. सौ. मालन,

दुसरं कार्ड आलं. तीच ओळ.

विष्णुपंतांकडे परत गेलो होतो. त्यांनी पुस्तक उघडून कलम मला मोठ्याने वाचून दाखवलं. माणसाला बेकायदा अडकवून ठेवलं तर एक वर्षापर्यंत कैद. तीन दिवस किंवा जास्त ठेवलं तर दोन वर्षांपर्यंत. दहा दिवस किंवा जास्त, तर तीन वर्षांपर्यंत. ते म्हणाले, "बघा रंगनाथराव, कायदा दिवसांवर चालतो. बहिणीनं पाहिला एक दिवस. गावातलं कुणी बोलणार नाही. तुम्ही म्हणायचं, बायकोला कामाला जायचं होतं, त्या दिवसापुरता बांधला. फार तर रात्री सोडत होतो म्हणा, म्हणजे दिवस सलग राहत नाहीत."

मी विचारलं, अडाणी आजारी माणसाला नीट सांभाळलं नाही, एवढ्यासाठी काही वेगळं कलम आहे का? त्यांनी पानं उलटली. आहे म्हणाले. वयाने, वेडाने किंवा दुखण्याने असहाय असलेल्या माणसाची सेवा करण्याचा करार केला आणि जाणूनबुजून केली नाही, तर तीन महिने. "पण ते तुम्हाला लागत नाही. तुमचा करार कुठं झाला होता?"

आपल्या बयने मरताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता. तू उशाशी होतीस. ती काही बोलली नाही, बोलण्याइतकी शक्ती नव्हती. कायद्याने तो करार धरत नसतील.

मग ते हसून म्हणाले, "जनावराला आखूड साखळीनं फार वेळ बांधलं तरी गुन्हा आहे, हे माहीत आहे का?" ते मला धीर द्यायला बोलत होते. मला मात्र घरी येईपर्यंत गोठ्यातली ती साखळी किती हात होती तेच डोळ्यांपुढे येत राहिलं. चार हात. आपल्या खिलारी गाईची सहा हात आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो. गेल्या वर्षीचा दुष्काळ तू संगमनेरला राहून पाहिलास, प्रवरेला निदान पाणी होतं. इकडे दिवाळीपर्यंत विहिरीत खडक दिसायला लागला. जनावरं छावणीत पाठवली, फक्त ती खिलारी ठेवली. मी आणि तुझी वहिनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायला लागलो. कानिफाला बरोबर न्यायचो. तिथे खायला सुकडी मिळायची, ती त्याला आवडायची. पण सुरुंगाचा बार झाला की सगळे पळायचे उलट्या दिशेने आणि तो टाळ्या वाजवत बाराकडे. एकदा मी त्याला पाडून त्याच्यावर आडवा झालो. दगड माझ्या पाठीवर पडले. मुकादम म्हणाला, "भाऊ, उद्याच्याला ह्याला आनू नगा. मेला तर माज्या डोक्यावं."

घरी ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो कोरड्या विहिरीत उतरून बसलेला सापडला. तळाशी पाणी शोधत होता. दोर टाकून वर काढला. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून साखळी.

हे सगळं खरं आहे, आणि हे मी कोर्टात सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, दोष वाटणार नाही. पण त्याच्या आधीचं एक आहे. भाऊबीजेला तू आली होतीस. ओवाळून झाल्यावर तू म्हणालीस, "दादा, दुष्काळ सरंपर्यंत कानिफाला माझ्याकडं राहू दे. ह्यांनाबी विचारलंय, ते व्हय म्हनलेत." काकासाहेब शेजारी बसले होते, त्यांनी मान हलवली. आणि मी काय म्हणालो? "आमच्या घरचा मानूस बहिनीच्या दारात तुकडे मोडत पडला, असं लोकांनी म्हनावं काय? आम्ही मेलो न्हाई अजून." तू रडलीस. वहिनीने मला आत बोलावून सांगितलं की लेकीच्या घरचं पाणी न पिणारे आबा होते, त्यांचा काळ गेला. मी तिलाही गप्प केलं.

त्यामुळे विहीर, सुरुंग, मुकादम, हे सगळं खरं असूनही मला रस्ता नव्हता हे खोटं आहे. रस्ता होता. एसटीने सकाळी निघालं तर दुपारी तुझं घर येत होतं.

रंगनाथदादा


१६ ऑगस्ट १९७३

चि. सौ. मालन,

राखी आली नाही. तुझी वहिनी दोन दिवस फाट्यावर पोस्टमनची वाट बघत होती. मी नव्हतो बघत.

आज जे लिहितो ते वकिलांना सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही.

साखळी घातली तेव्हा मी नाथबाबांच्या ओट्यावर जाऊन शब्द दिला होता. दर अवसेला कौल लावीन, बाबांनी सोड म्हटलं की त्या क्षणी सोडीन. तुला आठवत असेल आबा कौल कसा लावायचे. बाबांच्या दगडाच्या दोन खांद्यांवर पाण्याने एकेक ज्वारीचा दाणा चिकटवायचा आणि हात जोडून बसायचं. उजवा आधी पडला तर हो, डावा आधी पडला तर नाही. आणि आबांचे दोन नेम होते. ऊन पडायच्या आत विचारायचं, आणि एकदाच विचारायचं. ते का, हे मी कधी विचारलं नाही. मोठ्या माणसाची रीत, एवढंच समजत होतो.

पहिल्या अवसेला मी कामावरून सुटल्यावर, दुपार कलती झाल्यावर गेलो. सकाळी जायला सवड कुठे? डावा दाणा पडला. मनाला बरं वाटलं, हेही लिहितो. बाबाच म्हणतात बांधून ठेव, मग मी कोण?

दुसऱ्या अवसेला कामावर सुट्टी होती. सकाळी गेलो, ऊन नुकतंच वर आलं होतं. उजवा दाणा टप्पकन पडला. मी बसून राहिलो. दाणा उचलून हातात घेतला. पाणी कमी लागलं होतं असं म्हणालो. मोठ्याने म्हणालो, ओट्यावर कुणी नसताना. घरी आलो. कानिफा साखळीचा डावा पाय पुढे करून बसला होता, कारण मी गोठ्यात आलो की सोडायला आलो असंच त्याला वाटायचं. मी त्याला पाणी पाजलं आणि दुपारी परत ओट्यावर गेलो. परत दाणे लावले. डावा पडला. तोच कौल मी धरला.

मालन, आपल्या बाबांचं तोंड उत्तरेला आहे. सकाळचं ऊन त्यांच्या उजव्या खांद्यावर येतं, दुपारनंतरचं डाव्या. ज्या खांद्यावर ऊन, त्या खांद्याचं पाणी आधी वाळतं, आणि तो दाणा पडतो. हे मला त्या दिवशी दुपारी, तिथे बसल्या बसल्या कळलं. आबा ऊन पडायच्या आत का जायचे तेही कळलं. आणि कळल्यावर पुढच्या तिन्ही अवसांना मी दुपारीच गेलो. मुद्दाम. कामावरून लवकर सुटलो तर वाटेत लिंबाखाली बसून ऊन कलायची वाट बघायचो. मग जायचो, दाणे लावायचो, डोळे मिटायचो, डावा पडायचा, आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवायचो.

का केलं? तो सुटला असता तर आम्हा दोघांपैकी एकाला घरी राहावं लागलं असतं, हे एक. तुझ्याकडे पाठवावा लागला असता, हे दुसरं. आणि तिसरं हे. सोपं झालं होतं. सकाळी कडी लावायची, संध्याकाळी काढायची. शिवरात्रीनंतर संध्याकाळीही काढेनासा झालो. तो ओरडायचा सुरुवातीला. मग नाही ओरडला. मी त्याला समजूत आली म्हणालो.

त्याने जखम मला दाखवली होती, तू यायच्या बऱ्याच आधी. मी हळद भरली आणि कडी एक बोट वर सरकवली.

आता तुझ्या कार्डाचं उत्तर. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवसापासून आखितीपर्यंत. एकशे छत्तीस दिवस.

रंगनाथ


३० ऑगस्ट १९७३

चि. सौ. मालन,

घाईने लिहितो. काल विष्णुपंतांनी बोलावून घेतलं. मी त्यांना सांगितलं की दिवस मी खरे सांगणार. ते चिडले. मग शांत झाले आणि म्हणाले, "सांगा. पण मग तुमच्या भावाला कोर्टात आणायला लावतो. तो तुम्हाला पाहून गळ्यात पडेल ना? मॅजिस्ट्रेटसाहेबांना ते डोळ्यांनी पाहू द्या. तेवढ्यावर तुम्हाला चांगल्या वर्तणुकीच्या जामिनावर सोडतील. कायद्यात सोय आहे." ते तुला तसं पत्र लिहिणार आहेत.

माझं ऐक. त्याला आणू नकोस.

तो गळ्यात पडेल हे मला माहीत आहे. सगळ्या कोर्टासमोर "दादा" म्हणून पळत येईल, माझी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घालेल, जसा लहानपणी घालायचा. लोक हसतील. साहेबांचंही मन द्रवेल. ज्याला गुन्हा म्हणजे काय ते कळत नाही, त्याच्या मायेची साक्ष काढून मी सुटायचं, हे मला नको. त्याचा जेवढा उपयोग मी करून घेतला तेवढा पुरे.

माझी पहिली मागणी मी मागे घेतो. तुला वहिनीने जे सांगितलं, जे दिसलं, जे वाटलं, ते सगळं सांग.

रंगनाथ


जिल्हा कारागृह, नगर
१२ सप्टेंबर १९७३

चि. सौ. मालन,

इथे पत्र लिहायला परवानगी आहे. मी बरा आहे. भाकरी मिळते, सकाळी नामस्मरणाला कुणी अडवत नाही. मला साधी कैद आहे, काम सक्तीचं नाही, पण मागून घेतलं. बागेला पाणी घालतो.

कोर्टाच्या दिवशी तुझ्याशी बोलायला चार मिनिटंच मिळाली, आणि त्यातली तीन वहिनी रडत होती. म्हणून परत सगळं आठवून बघतो.

साहेब माझ्यापेक्षा लहान होते, चष्म्याचे. त्यांनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, "एकशे छत्तीस." ते म्हणाले, "मोजून सांगता?" मी म्हणालो, "कडी माझ्याच हातानं लावली हुती साहेब." विष्णुपंतांनी लेखणी खाली ठेवली. मग विष्णुपंत उठून बोलले, आणि चांगलं बोलले. दुष्काळ, विहीर, सुरुंग, सख्खा भाऊ, गावातला भजनी माणूस, पहिलाच गुन्हा, बंधपत्रावर सोडावं. साहेबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "परक्या माणसानं एकशे छत्तीस दिवस बांधून ठेवला असता तर तुम्ही बंधपत्र मागितलं असतं का? घरातल्यानं केलं म्हणून दिवस कमी होत नाहीत. ज्याला दुसरीकडे कुठं जाता येत नाही त्याच्या बाबतीत तर नाहीच." त्यांनी विचारलं, यापुढे त्याला कोण सांभाळणार? तू प्रश्न पुरा व्हायच्या आतच उभी राहिलीस. "मी," म्हणालीस. काकासाहेबही उठले. बसलेले लोक तुमच्याकडे बघत होते आणि मला भाऊबीजेचं माझं बोलणं ऐकू येत होतं.

तीन महिने. कायद्यात तीन वर्षांपर्यंत होतं, साहेबांनी तीन महिने दिले. बाहेर पडताना गावचे लोक म्हणत होते, भाऊ, थोडक्यात निभावलं. एक जण म्हणाला, लईच झालं, सख्ख्या भावापायी तुरुंग! मला ते दोन्ही बोलणं सारखंच परकं वाटलं.

मग जिन्याखाली तू भेटलीस. मी म्हणालो, "बरं केलंस, त्याला आनलं न्हाईस. माझं ऐकलंस."

तू म्हणालीस, "तुझं ऐकून न्हाई, दादा."

तू वहिनीकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

"तुझं नाव घेतलं का तो डावा पाय उचलून मांडीखाली घेतो. आन् हातानं झाकतो. म्हनून न्हाई आनला."

शिपायाने तेवढ्यात मला पुढे घेतलं.

इथे आठ दिवस मी तेवढंच घेऊन बसलो आहे. तुला लिहिलेली सगळी पत्रं मला आठवतात. खांद्यावरचं ओझं, घाट, टाळ. ते सगळं घडलं होतं, एकही शब्द मी वाढवून लिहिला नाही. पण लिहिताना मी धरून चाललो होतो की कानिफाही तेच आठवत असणार. मीच त्याचं सगळं आहे, माझंच तो ऐकतो, मला पाहिलं की पळत येईल. त्याला बोलता येत नाही म्हणून त्याच्या वाटचंही मीच आठवत होतो. आणि तिकडे त्याच्या मनात माझ्या नावाला काय चिकटलं आहे ते त्याने पायाने सांगितलं. तुला कळलं. मला एकशे छत्तीस दिवस रोज त्याच्यासमोर बसून कळलं नाही.

साहेबांनी दिलेली शिक्षा डिसेंबरात संपेल. त्यानंतर मी संगमनेरला येईन. आधी कार्ड टाकीन. काकासाहेबांनी नको म्हटलं तर येणार नाही. हो म्हटलं तर दाराच्या बाहेर उभा राहीन, उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि माझं नाव कुणी घेऊ नये. तो अंगणात असेल, आत असेल, जिथे असेल तिथे असू दे. त्याला मला पाहून यावंसं वाटलं तर येऊ दे. नाही आला तर, मालन, त्याला हाक मारू नकोस. मीही मारणार नाही. थोडा वेळ थांबेन, आणि दुपारच्या एसटीने परत जाईन. पुढच्या महिन्यात परत येईन.

त्याला संध्याकाळी विचारत जा, जेवला का म्हणून.

रंगनाथ